बाग ठेकेदाराकडे गेली, आता आमच्या गाळ्याचं काय?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पायथ्याच्या बागेत आमचा चहा-भजी आणि भाजलेल्या कणसांचा गाळा आहे. २०११ साली पाटबंधारे खात्याने अकरा महिन्यांचा परवाना दिला, पुढे नूतनीकरण होत गेलं. शेवटची मुदत संपून दोन वर्षं झाली, तरी खातं शुल्क घेत राहिलं; पावत्या आहेत. आता बाग, वाहनतळ आणि बोटिंग एका खाजगी ठेकेदाराला चालवायला दिलंय. त्याचा माणूस म्हणतो, आठ दिवसांत जागा खाली करा, नाहीतर पन्नास हजार अनामत भरून आमच्याशी नवा करार करा. आम्ही प्रकल्पग्रस्त आहोत. गाळा पक्का बांधलाय, विजेचा मीटर यांच्या नावावर आहे. आम्ही भाडेकरू ठरत नाही का?

उत्तर : ताई, धरणाचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे. धोम, कण्हेर, उरमोडी, किंवा पलीकडे शिराळ्याचं चांदोली, प्रश्न कुठूनही आला असता तरी उत्तर बहुतेक हेच राहिलं असतं.

आधी कडू भाग. तुम्ही भाडेकरू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सरकारी मालकीच्या जागांना लागूच होत नाही. तुमच्याकडे आहे तो परवाना, म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधली निव्वळ वापराची मुभा. जागेत हितसंबंध निर्माण करणारा भाडेपट्टा तो नव्हे. मीटर तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, ही गोष्ट तिथे तुमची वहिवाट होती एवढं दाखवायला कामाची. मालकी त्याने येत नाही. प्रकल्पग्रस्त दाखल्याचंही तेच. नोकरीतल्या आरक्षणासाठी तो जपून ठेवा, गाळ्यावर मात्र त्याने आपोआप हक्क बसत नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा कुणी सुचवला असेल तर तो शहरी हद्दीसाठी आहे, धरणाखालच्या गावात उपयोगाचा नाही.

पक्क्या बांधकामाबद्दल जरा थांबून वाचा, कारण इथे अर्धवट ऐकून लोक फसतात. सुविधाधिकार अधिनियमाचंच कलम ६० सांगतं की परवान्याच्या आधारे कायमस्वरूपी बांधकाम करून खर्च केला असेल, तर परवाना रद्द करता येत नाही. ऐकायला छान आहे! पण बांधकाम परवान्याच्या आधारे झालेलं हवं. सरकारी परवान्यात सहसा ‘पक्कं बांधकाम करू नये’ अशी अट असते. तुमच्या २०११ च्या कागदावर ती असेल तर हे कलम विसरा. उलट तो मुद्दा तुम्ही काढलात तर अट मोडल्याची कबुलीच हातात द्याल. अट नसेल, किंवा खात्याने बांधकामाला लेखी होकार दिला असेल, तर गोष्ट वेगळी. कागद काढून बघा.

आता तुमच्या बाजूचं. मुदत संपल्यावरही खातं शुल्क घेत राहिलं, म्हणून तुम्ही घुसखोर ठरत नाही. कलम ५४ नुसार परवाना देणाऱ्याच्या वागणुकीवरूनही परवाना गृहीत धरता येतो, आणि पावत्या हाच त्या वागणुकीचा पुरावा. एकेक पावती क्रमाने लावा.

ठेकेदार बहुधा दुसऱ्या एका कलमावर बोट ठेवेल. कलम ५९ म्हणतं की परवाना देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली, तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. पण इथे मालमत्ता कुठे हस्तांतरित झाली? बदललं ते व्यवस्थापन. जमीन जिथे होती तिथेच आहे. तिकीट फाडायचं, गाड्या लावून घ्यायच्या, बोटी चालवायच्या, साफसफाई करायची, एवढं काम त्याला मिळालं. त्याचे अधिकार त्याच्या करारनाम्यात लिहिलेत तेवढेच, त्याच्या माणसाच्या आवाजाच्या पट्टीवरून ते ठरत नाहीत. चालू गाळेधारकांचं काय करायचं, शुल्क कोणी घ्यायचं, हे त्या करारात असेल किंवा नसेल. सगळं प्रकरण त्या कागदावर फिरतं आणि तो तुम्ही अजून पाहिलेला नाही.

म्हणून पहिलं काम, माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा: निविदा सूचना, ठेकेदाराशी झालेला करारनामा, व्यवस्थापन सोपवल्याचा आदेश आणि ताबा देताना केलेली यादी. त्या यादीत तुमचा गाळा ‘चालू’ म्हणून दाखवला असेल तर अर्धं काम झालं. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, ठेकेदाराची आठ. त्यामुळे त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्याला वेगळं पत्र द्या. त्यात लिहा की परवाना खात्याने दिला, शुल्क खात्याने घेतलं, तेव्हा शुल्क आता कोणाला द्यायचं ते लेखी कळवावं आणि नूतनीकरणाचा निर्णय द्यावा. आवक शिक्क्याची पोच घ्या. शुल्क कोणी घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा, थकबाकीचं निमित्त द्यायचं नाही.

खात्यालाच जागा हवी असेल तर ते परवाना रद्द करू शकतं, यात शंका ठेवू नका. पण ठेकेदाराच्या माणसाने सामान बाहेर काढायचं नाही. सरकारी जागेतून काढण्यासाठी राज्याचा १९५५ चा स्वतंत्र कायदा आहे. सक्षम अधिकाऱ्याची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि मग आदेश, असा त्याचा क्रम आहे. शिवाय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६३ खाली सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो, आणि मोबदला देऊन घेतलेल्या परवान्यातून तुमची चूक नसताना मुदतीआधी काढलं तर कलम ६४ खाली भरपाई मागता येते. तुमची लेखी मुदत संपली असल्याने हा दुसरा दावा कमकुवत आहे, हेही सांगून ठेवतो. खात्याकडे भरलेली जुनी अनामत मात्र तुमचीच आहे, ती सोडू नका.

उद्याच दमदाटी झाली तर? पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि वकील गाठा. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने ती न देताही दावा दाखल करता येतो. परवाना राज्यपालांच्या वतीने, म्हणजे राज्य सरकारचा, आहे की महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या नावाने, ते वकिलाला आधी दाखवा. नोटीस आणि दावा कोणाविरुद्ध करायचा ते त्यावर ठरतं.

निविदा न काढताच बाग दिली असं कागदांतून निघालं तर उच्च न्यायालयाचा रस्ता आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सातारा-सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र उशीर करू नका. १९७९ चा रमणा शेट्टी खटला याच धंद्यातला, मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या आणि स्नॅक बारच्या ठेक्याचा. निविदेतली अट सरकारी संस्थेला मनाला येईल तशी बाजूला ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, तरीही ठेका रद्द केला नाही. याचिका काही महिने उशिरा आली होती आणि तोवर ठेकेदाराने खर्च करून टाकला होता.

राहिला पन्नास हजारांचा नवा करार. करारनामा हातात येईपर्यंत सही करू नका. सही केलीत की तुम्ही खात्याच्या परवानाधारक उरत नाही, ठेकेदाराच्या पोटठेकेदार होता. त्याचा ठेका संपला की तुमचाही संपला. त्याला पोटठेका द्यायचा अधिकार आहे की नाही, तेही त्याच कागदात सापडेल. अधिकार असेल, अटी परवडत असतील आणि खात्याकडून नूतनीकरणाची आशा नसेल, तर करार करण्यात कमीपणा नाही. फक्त रक्कम बँकेतून द्या, मुदत ठेक्याच्या मुदतीइतकी लिहून घ्या आणि ‘अनामत परत’ हे शब्द तारखेसह घाला.