वाचकांचे प्रश्न : आधी मॅट की थेट रिफॉर्मर?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, वय ३६. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत नऊ वर्षं टेस्टिंगचं काम केलं, धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली. नंतर कंबरदुखीसाठी म्हणून वाशीला पिलाटिस (पोट-पाठीची ताकद वाढवणारी व्यायामपद्धत) सुरू केलं आणि गेली अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा करते आहे. बहुतेक जमिनीवर मॅट अंथरून, अधूनमधून रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या पाटाच्या यंत्रावर. आता शिकवायचं मनात आहे. दोन कोर्स समोर आहेत : मॅटचा ५५ हजारांचा आणि फक्त रिफॉर्मरचा पावणेदोन लाखांचा. हाताशी पीएफचे दोन लाख आहेत. आमच्या स्टुडिओच्या मॅडम म्हणतात, "रिफॉर्मर कर, मॅटला कोण विचारतं?" नवरा म्हणतो, मॅट तर यूट्यूबवर फुकट आहे, त्याला पैसे कशाला? सोसायटीचा हॉल सकाळी रिकामा असतो, तिथे वर्ग घ्यायला सेक्रेटरी हो म्हणाले आहेत. सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, "तुझी पहिली विद्यार्थिनी मी." दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं, आता बऱ्या आहेत. काय करू?

उत्तर : आधी मॅट करा. सासूबाईंचं मात्र शेवटी वेगळं सांगते, ते नीट वाचा.

मी ठाण्याला नौपाड्यात बारा वर्षं शिकवते आहे, पण माझी सुरुवात तुमच्या मॅडम सांगतात तशीच झाली. दोन शनिवार-रविवारचा रिफॉर्मरचा कोर्स केला आणि महिन्याभरात घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत लागले. कोर्समध्ये स्प्रिंगचे रंग पाठ केले होते : ही जड, ही मधली, ही हलकी. स्टुडिओतली यंत्रं दुसऱ्या कंपनीची होती. रंगांची वाटणी कंपनीगणिक बदलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एक पंचेचाळिशीच्या बाई लाँग स्ट्रेच करत होत्या, म्हणजे हात फुटबारवर (यंत्राच्या टोकाच्या दांड्यावर), पाय कॅरेजवर (सरकत्या पाटावर) आणि शरीर फळीसारखं सरळ. मी माझ्या पाठांतराप्रमाणे स्प्रिंग लावली. ती फारच हलकी निघाली. कॅरेज एकदम मागे गेली, बाई गुडघ्यांवर आपटल्या आणि खांद्याला हिसका बसला. तीन आठवडे त्यांचा हात वेणी घालायलाही वर जात नव्हता. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

चूक रंगांची नव्हती. 'स्प्रिंग जड तर व्यायाम अवघड' एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पाठीवर झोपून पायांनी फुटबार ढकलायचा असतो तेव्हा ते खरं असतं. लाँग स्ट्रेचमध्ये नेमकं उलटं होतं. तिथे स्प्रिंग तुम्हाला धरून ठेवते, ती हलकी झाली की सगळा भार पोटावर आणि खांद्यांवर येतो. हे ज्याने जमिनीवर फळीसारखं धरायला शिकवलंय, कुणाची कंबर कुठे झोल खाते ते रोज पाहिलंय, त्याला कळायला सांगावं लागत नाही. मी ते पाहिलेलंच नव्हतं. पुढच्या वर्षी नव्याने मॅटचा कोर्स केला, नव्वद-शंभर वर्ग दुसऱ्यांचे बसून पाहिले आणि मग परत रिफॉर्मरकडे वळले.

मॅट आणि रिफॉर्मर या दोन वेगळ्या विद्या आहेत असं आता सगळीकडे वाटायला लागलं आहे, पण त्या तशा नाहीत. जोसेफ पिलाटिस १८८३ साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं होतं. तिथे आजारी माणसांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांना व्यायाम दिला, असं सांगतात. पुढे १९२० च्या दशकात ते न्यूयॉर्कला आले आणि पत्नी क्लारासह एट्थ अॅव्हेन्यूवर स्टुडिओ चालवला. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत, आणि स्टुडिओ यंत्रांनी भरलेला होता. एकच माणूस, एकच पद्धत, तिला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत. ज्याला जमिनीवर जमत नाही त्याला स्प्रिंगेचा आधार द्यायचा, ज्याला जमतं त्याला स्प्रिंगेने अडवायचं. तुमच्यासमोर ठेवलेला 'हे की ते' असा प्रश्न कोर्स तुकड्यातुकड्याने विकण्यातून आला आहे.

आणि विकायला कुणालाही मोकळीक आहे. २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की पिलाटिस हे एका व्यायामपद्धतीचं नाव आहे, ते कुणा एकाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. निकाल चांगलाच झाला, नाहीतर तिथल्या कितीतरी शिक्षकांना हे नाव वापरता आलं नसतं. पण त्यामुळे दोन दिवसांच्या कोर्सवर आणि दोन वर्षांच्या कोर्सवर नाव तेच छापलं जातं. आपल्याकडे शिकवायला सरकारी परवानाही लागत नाही. तेव्हा प्रमाणपत्रावरचा सोनेरी शिक्का पाहू नका, तास विचारा. एक माप सांगते : अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेला बसायचं तर ४५० तासांचं संपूर्ण प्रशिक्षण लागतं. त्यात मॅट, रिफॉर्मर आणि बाकीची यंत्रं सगळी येतात, आणि दुसऱ्यांचे वर्ग पाहण्याचे, स्वतः करण्याचे, शिकवण्याच्या सरावाचे तासही धरलेले असतात. तुम्हाला ती परीक्षा द्यायची नसेलही. पण पावणेदोन लाख घेणारा कोर्स ४५० पैकी किती तास देतो, हे विचारायला काय हरकत आहे?

दोन्हीकडे हेच विचारा. मी शिकवत असताना कोण बघणार, किती वेळा? उद्या पुढचा टप्पा केला तर आजचे तास धरणार की पुन्हा पहिल्यापासून पैसे? रिफॉर्मरच्या कोर्सला एका यंत्रामागे किती जणी? चार जणींत एक यंत्र असेल तर तुमच्या वाट्याला पाव वेळ येतो, फी मात्र पूर्ण. आणि बाळंतपणानंतर, पाठीच्या गादीचा त्रास, हाडं ठिसूळ होणं या विषयांवर वेगळे तास आहेत का? सोसायटीच्या हॉलमध्ये येणाऱ्या दहाजणींत अशा सहा-सात असतात.

एक वर्ग बसून पाहायची परवानगीही मागा. शिक्षिका किती वेळ स्वतः व्यायाम करत असते ते मोजा. जी पूर्ण तास वर्गाबरोबर करते, तिला वर्ग दिसत नाही. छताकडे तोंड करून झोपलेल्या बाईला आठ जणी कशा दिसणार?

दिसणं म्हणजे काय ते एका व्यायामावरून सांगते. रोल अप : उताणं झोपून, हात डोक्यावरून घेत, एकेक मणका सोडवत उठून बसायचं. माझ्या सकाळच्या वर्गात दहाजणी एकाच वेळी उठतात आणि दहाजणी दहा ठिकाणी अडकतात. एकीच्या टाचा जमिनीवरून सुटतात : पोट काम करत नाहीये, मांडीच्या वरचे स्नायू तिला ओढून उठवताहेत. एकीची हनुवटी पुढे येते, ती मानेने उठते आहे, संध्याकाळी डोकं दुखणार. एकीची कंबर पाटासारखी सपाट राहते, ती वाकतच नाही, म्हणून ती झटका देते. दोन बाळंतपणं झालेल्या एकीच्या पोटाच्या मध्यभागी उभा उंचवटा येतो, तिला हा व्यायाम आज द्यायचाच नाही. सूचना सगळ्यांना 'पोट आत घ्या' अशी एकच दिली तर ती एकीलाही लागू पडत नाही. एकीला गुडघे वाकवायला सांगायचे, एकीला तळव्यांभोवती पंचा अडकवून हातात धरायला द्यायचा, एकीला फक्त अर्ध्यातून मागे जायला सांगायचं. हे सगळं चार सेकंदांत. ही नजर यायला मॅटच लागते, कारण मॅट कुणाला सांभाळून घेत नाही. रिफॉर्मरवर स्ट्रॅप पायांचं ओझं उचलतो, खांद्यांना टेकू असतो, आणि नव्या शिक्षिकेला वाटतं सगळ्यांचं छान चाललंय.

रिफॉर्मरवर माझा राग नाही, रोज दुपारी मी त्याच्यावरच शिकवते. गुडघा बदललेल्या आजींना खाली बसायला सांगणं क्रूरपणा आहे, पण रिफॉर्मरवर त्या कडेला टेकून आडव्या होतात आणि पायांचा व्यायाम सुरू. शिवाय ते यंत्र बोलतं. परत येताना कॅरेज ठक्कन आदळली की मान वळवायच्या आधी कळतं, हिने स्प्रिंगेवरचा ताबा सोडला. फिजिओथेरपिस्ट असतात, ज्यांची नजर आधीच तयार असते, त्यांनी थेट रिफॉर्मर शिकलं तर मी अडवणार नाही.

आता मॅडमचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. ठाणे-नवी मुंबईत स्टुडिओ निघतात ते रिफॉर्मरच्या जिवावर, आणि नोकरी तिथेच असते. पण 'मॅटला कोण विचारतं' म्हणजे स्टुडिओत कोण विचारतं. तुमच्या सोसायटीत विचारतात, सेक्रेटरी हो म्हणाले आहेत! मॅडमना एकच विचारा : रिफॉर्मर केलं तर मला काम देणार का, तासाला किती, आणि हे लिहून द्याल का? लिहून दिलं, तर निर्णयाचा पुन्हा विचार करण्यासारखा आहे. नुसतं 'बघू गं' म्हणाल्या, तर पीएफचे पावणेदोन लाख 'बघू गं'वर लावू नका.

हिशेब मांडूया. आठजणी, महिन्याला दीड हजार, म्हणजे १२ हजार. मे महिन्यात सगळ्या गावी जातात, गणपतीत आणि दिवाळीत वर्ग भरत नाही, परीक्षांच्या दिवसांत निम्म्या येत नाहीत. वर्षाचे नऊ महिने धरा : एक लाख आठ हजार. हॉलचं भाडं आणि मॅटचा खर्च वजा करूनही ५५ हजार पहिल्या वर्षात सुटतात. रिफॉर्मर शिकलात तर दुसऱ्याच्या स्टुडिओशिवाय एक तासही शिकवता येणार नाही. स्वतःचं घ्यायचं तर लाखाच्या वर खर्च आणि आठ फूट लांब जागा. मॅट करून उरलेल्या पैशांना हात लावू नका, वर्षभराने त्याच संस्थेत रिफॉर्मरचा टप्पा करा. तास धरत असतील तर.

मॅट घेताना योगाची पातळ घेऊ नका. पाठीच्या कण्यावर लोळायचं असतं, १० ते १५ मिलिमीटर जाडीची हवी. पावसाळ्यात तळमजल्याच्या लादीला ओल सुटते, मॅट सरकते. आधी कोरड्या फडक्याने लादी पुसून घ्या, खाली सतरंजी अंथरू नका, ती आणखी सरकते.

यूट्यूबबद्दल तुमच्या यजमानांना सांगा की त्यावर व्यायाम खरंच चांगले मिळतात, करायला शिकता येतात. पण तुमच्या टाचा उचलल्या गेल्या हे व्हिडिओला दिसत नाही. आणि लोक तुम्हाला पैसे देणार आहेत ते त्यांच्या टाचा दिसाव्यात म्हणून.

आता सासूबाई. बाथरूममध्ये घसरून, म्हणजे उभ्या उंचीवरून पडून, साठीच्या बाईचं मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली असण्याची शंका घ्यायची असते. मनगट जुळलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. पहिल्या वर्गाआधी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. डेक्सा म्हणतात तिला, दुखत खुपत नाही. ती होईपर्यंत, आणि त्यात हाडं ठिसूळ निघाली तर कायमचंच, रोल अप नाही, चेंडूसारखं लोळणं नाही, पाय डोक्यावरून मागे टाकणं तर मुळीच नाही. पाठ गोल करून त्यावर भार दिला की मणका दबून मोडू शकतो. मॅटवरच्या त्या ३४ पैकी बरेच व्यायाम पाठ गोल करणारे आहेत, म्हणून हे कोर्समध्ये नीट शिकवतात का ते आधी विचारा म्हटलं.

डॉक्टर हो म्हणाले की त्यांना भरपूर देण्यासारखं आहे. कुशीवर झोपून पाय उचलणं. पालथं झोपून, कपाळ हातांवर ठेवून, छाती चार बोटं वर उचलणं. रांगत्या अवस्थेत एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवणं, मनगटावर भार सोसत नसेल तर कोपरांवर. आणि त्यांना हंड्रेड (शंभर आकडे मोजत करायचा श्वासाचा व्यायाम) करायचाच असेल, सगळ्यांना करायचाच असतो, तर डोकं खाली उशीवर, गुडघे वाकलेले, पायांचे तळवे जमिनीवर, आणि फक्त हात वरखाली हलवायचे : पाच आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर, असं दहा वेळा. उठताना आधी कुशीवर वळायला सांगा, मग हाताने रेटा देऊन बसायला, आणि तुम्ही जवळ उभ्या राहा.