गेमिंगच्या खात्यांसाठी मोबाईल ऑथेंटिकेटर पुरेसा आहे, की हार्डवेअर सिक्युरिटी की घ्यावी?

जमत असेल तर किल्ली घ्या, म्हणजे लॉगिन करताना कॉम्प्युटरला किंवा मोबाईलला लावायचं पेनड्राइव्हएवढं छोटं उपकरण. ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचा कोड दाखवणारं मोबाईल ॲप, पुरेसा म्हणणाऱ्यांत आमचे दाजी पहिले. राजारामपुरीत मोबाईलचं दुकान आहे त्यांचं, त्यामुळं घरात या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. "कोड मोबाईलवर येतोय म्हटल्यावर झालं की! किल्लीबिल्ली सगळं पैसे काढायचं खूळ," हे मी प्रत्येक सणाला जेवताना ऐकतो.

तर मंगळवार पेठेतल्या माझ्या मामाच्या पोराचं ऐका. त्याला काउंटर-स्ट्राइक गेममधल्या स्किन्स, म्हणजे हत्यारांची रंगीत रूपं, जमवायचा नाद. वाढदिवसाचे, दिवाळीचे, सगळे पैसे त्यात. हा गेम स्टीमवर चालतो, आणि स्टीमचा ऑथेंटिकेटर, स्टीम गार्ड, मोबाईलवर चालू होतं, मीच लावून दिलेलं. एकदा ओळखीच्याच एकाच्या खात्यावरून मेसेज आला, आमच्या टीमला व्होट दे. लिंक उघडली, 'स्टीमनं साइन इन करा' दाबलं, छोटी खिडकी आली. वर पत्ता बरोबर, कुलूपही. पोरानं पासवर्ड टाकला, मोबाईलवरचा पाच अक्षरांचा कोडही टाकला.

ती खिडकी पत्त्यासकट त्या वेबपानावरच चित्रासारखी काढलेली होती. नंतर मी ती माउसनं धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघितली, तर कडेला येऊन अडकली. खरी खिडकी सरळ बाहेर येते. कुठंही शंका आली तर आधी ओढून बघा.

चोरानं लगेच काही नेलं नाही. खात्यात शिरून वेब एपीआय की (ही आपली किल्ली नव्हे, खात्यातल्या ट्रेड ऑफर प्रोग्रामनं बघायला, रद्द करायला लागणारी अक्षरांची ओळ) काढून ठेवली आणि दबा धरून बसला. पुढं पोरानं मित्राबरोबर गेममधला चाकू ट्रेड करायला काढला, तेव्हा खरी ऑफर रद्द करून त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या खात्याची ऑफर पुढं सरकवली. मोबाईलवर कन्फर्म पोरानंच दाबलं. विषय हार्ड! गेलेला ट्रेड उलटा फिरवायची सोय स्टीमवर 2025 च्या जुलैत आली, तीही 7 दिवसांपुरती. हे त्याच्या आधीचं. मामा माझ्यावरच घसरले, "तूच लावून दिलं हुतंस की रं ते!" दाजी शेजारी चहा पीत बसले होते, एक अक्षर बोलले नाहीत.

ऑथेंटिकेटर दर 30 सेकंदांनी नवा कोड दाखवतो, पण तो कोण मागतंय हे त्याला कळत नाही. किल्लीची नोंद खऱ्या साइटच्या डोमेनशी, म्हणजे तिच्या वेबपत्त्याशी, बांधलेली असते. खोट्या साइटवर ब्राउझर डोमेन वेगळं सांगतो आणि किल्ली तिथं चालतच नाही, तुम्ही कितीही बटण दाबा.

आता दाजींना सांगू नका, पण स्टीम हार्डवेअर किल्ली घेतच नाही. तिथं स्टीम गार्डच, आणि ते काढूही नका, नाहीतर ट्रेड 15 दिवसांपर्यंत अडकतात. किल्ली लावायची ती जीमेलला, कारण पासवर्ड रीसेटचे मेल तिथंच येतात. बीजीएमआय या मोबाईल गेमला गूगलनं लॉगिन करत असाल तर तेही त्यात आलंच. एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्ट खात्याला आणि रोब्लॉक्सलाही ती चालते.

एवढे पैसे घालायचे नसतील तर मोबाईलमध्येच पासकी, म्हणजे बोटाच्या ठशानं किंवा पिननं उघडणारी मोबाईलमधलीच किल्ली, चालू करा. तीही डोमेनला बांधलेली असते, आणि फुकट. दाजींनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला ती चालू करून दिलेली नाही.

किल्ली घेतलीत तर दोन घ्या, एक कपाटात राहू दे. आणि क्रॅक केलेले गेम, हॅक असलं टाकून खेळायची सवय असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. तसल्या फाइली चालू लॉगिनची कुकीच, म्हणजे ब्राउझरनं जपलेली लॉगिनची खूण, उचलून नेतात, मग ना कोड विचारला जातो ना किल्ली.