रिकाम्या कुकरची शिट्टी

ताई,
मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ५२. मुलगी पुण्याला नोकरी करते. मागच्या आठवड्यात हे मित्रांबरोबर गिरनारला गेले होते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण घरात अशी एकटी मी पहिल्यांदाच राहिले. शुक्रवारी गणपतीला जाऊन मग घाटावर अंधार पडेपर्यंत बसले. शनिवारी सकाळी सिटी बसनं मिरजेला गेले. माहेर तिथलंच, पण सतारमेकर गल्लीत कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता. नुसती हिंडले. दुपारी हॉटेलात एकटीनं मिसळ खाल्ली, वेटरनं दोनदा विचारलं, अजून कोण येणार आहे का. संध्याकाळी भावे नाट्यमंदिरात नाटक बघितलं, मध्यंतरात निघाले, कारण आठला ह्यांचा फोन येतो, आणि फोनवर कुकरची शिट्टी ऐकू आली की त्यांना बरं वाटतं, म्हणून नुसतं पाणी घालून लावला. रविवारी हरिपूरला संगमावर गेले. ताई, चार दिवसांत मला ह्यांची एकदाही आठवण आली नाही. उलट अजून दोन दिवस येऊ नयेत असंच वाटत होतं. हे स्वभावानं फार चांगले आहेत. कधी आवाज चढवला नाही, कशाला अडवत नाहीत. दोन वर्षांनी रिटायर होतील. आता परत कुठं जातात याची मी वाट बघायला लागलेय. मी वाईट बायको आहे का?
– एक सांगलीकर

प्रिय सांगलीकर,

नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं. सत्तावीस वर्षं जो माणूस रोज समोर जेवायला बसतो, त्याची चार दिवसांत आठवण नाही आली तर काही बिघडत नाही. मिसळ खाल्लीत, घाटावर बसलात, छान केलंत. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मला बोलायचंय ते कुकरबद्दल.

तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंय, मिसळ आणि हरिपूरच्या मध्ये. मी मात्र तिथून पुढे जाऊच शकले नाही. नाटकाला नेसलेली साडी अंगावर, पर्स अजून खांद्याला, रिक्षावाल्याला घाई करून आलेली बावन्न वर्षांची बाई ओट्यापाशी उभी. कुकरमध्ये ना डाळ, ना तांदूळ. गॅस मोठा केलाय, एका हातात फोन, आणि डोळे शिट्टीवर, की ही आता वाजते की फोन ठेवल्यावर वाजते! बाई, नाटक तुम्ही अर्धं बघितलंत आणि उरलेलं घरी येऊन स्वतः केलंत.

(आणि पाणी नीट घालत जा हो. कमी पडलं तर शिट्टी राहते बाजूला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. मग आठच्या फोनवर काय सांगणार होतात?)

आता तुमचीच दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. हे कशाला अडवत नाहीत. आणि, शिट्टी ऐकू आली की त्यांना बरं वाटतं. ही दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत. जो अडवतच नाही, त्याच्यासाठी रिकामा कुकर कशाला लावावा लागतो? एक तर तुम्ही कुठं होतात हे कळलं असतं तर त्यांनी काहीतरी बोलून दाखवलं असतं. नाही तर ते काय बोलतील हे तुम्ही सत्तावीस वर्षांत कधी बघितलेलंच नाही. मला दुसरं खरं वाटतं. तुम्ही कधी निघालातच नाही, तर ते अडवणार कशाला? दार कायम आतून लावलेलं असलं तर बाहेरच्या राखणदाराचा स्वभाव कळायचा कसा?

तुम्ही त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहिलंय ते मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. आवाज चढवत नाहीत, ठीक आहे. त्यासाठी हार घालायला नको. रात्री आठला फोन करून घरातल्या कुकरचा आवाज ऐकून ज्याला बरं वाटतं, त्यानं एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं, आज दिवसभर काय केलंस? फोनवर काय बोलणं झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी सांगते. जेवलीस का, दार लावलंस का, गॅस बघितलास का. आणि तुमच्याकडून हो, हो, हो. दोन मिनिटांत फोन बंद.

मला सांगा, हे गिरनार कसे चढले? दत्तशिखरापर्यंत दहा हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे झालाय, त्यामुळं निम्म्या पायऱ्या वाचतात. सगळ्या पायऱ्या चढले, की रोपवेनं? रात्री निघाले, की पहाटे? गुडघे धरले का? तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात यातलं काही नाही. तुम्ही विचारलंच नसणार. कसं विचारणार? तुम्ही विचारलंत की तेही विचारणार, आणि तू काय केलंस? एका खोट्या शिट्टीपायी त्यांची यात्रा तुमच्यापर्यंत आली नाही आणि तुमची मिरज त्यांच्यापर्यंत गेली नाही.

आणि मिरजेचं तर सांगण्यासारखं किती होतं! पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे तंबोरे जिथं होतात, अशी ती तुमच्या माहेरची गल्ली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात वाचून तुम्ही घरात कुणाला म्हणालात का, की या गल्लीतून मी शाळेला जायचे? मला नाही वाटत. तुम्ही तिथं तासभर हिंडलात, एखाद्या दुकानात भोपळ्यावर काम चाललेलं बघत उभ्या राहिलात असणार, जुनं कोणी ओळखलंही असेल, आणि घरी येऊन ते सगळं गिळून टाकलंत. चोरी केल्यासारखं.

याच्यापुढे मला खरी काळजी वाटते ती तुमच्या शेवटून तिसऱ्या वाक्याची. दोन वर्षांनी रिटायर होतील. तुम्ही ते माहिती दिल्यासारखं लिहिलंय, पण हे पत्र तुम्ही त्याच भीतीनं लिहिलंय असं मला वाटतं. आत्ता कसं, ते सकाळी जातात, संध्याकाळी येतात, मधल्या वेळात तुम्ही तुमच्या असता. दोन वर्षांनी ते सकाळी अकराला पेपर वाचत असतील, दुपारी चारला चहा मागतील, आणि आठला फोन येणार नाही, कारण ते स्वतःच समोर बसलेले असतील. गिरनारला माणूस वर्षातून किती वेळा जातो? त्यात गुडघे दुखायला लागले की तेही बंद. आपली मजा आपण नवऱ्याच्या प्रवासावर टांगून ठेवली, तर तो घरात बसल्यावर त्याचं नुसतं खाकरणंही नकोसं होतं. अशा बायकांची पत्रं माझ्याकडे येतात. त्यांचे नवरेही चांगलेच असतात.

म्हणून ते परत कुठं जातात याची वाट बघणं आजपासून बंद. ते घरात असताना बाहेर पडायचं.

येत्या शनिवारी, हे कोचावर बसलेले असताना, तुम्ही नाटकाला जाणार आहात. तेच नाटक परत लागेल म्हणून थांबू नका, दौऱ्याचं काही सांगता येत नाही. जे लागलं असेल त्याला जा. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं, ज्यासाठी दर ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन साजरा करतो, त्या गावातली बाई त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहातून कुकर लावायला मध्यंतरात उठून जाते, हे मला सांगलीकर म्हणून नाही तरी नाटकवेडी म्हणून सहन होत नाही.

सकाळी चहाच्या वेळी सांगायचं. परवानगी मागायची नाही, तुम्हाला चालेल ना, असंही नाही. 'मी आज नाटकाला चाललेय, यायला नऊ वाजतील,' एवढंच. स्वयंपाक करून, झाकून, वर ताटली ठेवून जायचं नाही. ज्यांनी गिरनार केला त्यांना खिचडी जमते. नसेल जमत तर घरात भडंग असेलच. सांगलीत आजवर कोणी त्यावाचून उपाशी राहिलेलं नाही.

ते गप्प बसतील. कदाचित विचारतील, एकटीच? तुम्ही म्हणायचं, हो. त्यांचा चेहरा उतरला तरी थांबायचं नाही, त्यांना एका संध्याकाळी थोडं वाईट वाटलं तर चालतं. फोन बंद करून पर्समध्ये, आणि पडदा पडेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. घरी आल्यावर नाटकाची गोष्ट सांगा, त्यांनी विचारली नाही तरी. मग मिरजेची सांगा. त्याच ओघात कुकरचंही सांगून टाका, हसतील बहुतेक.

आणि हसता हसता म्हणाले, पुढच्या वेळी मीही येतो, तर खुशाल घेऊन जा. या शनिवारी मात्र तिकीट एकच काढायचं.