नाकतोडा, प्रार्थनाकीटक की खंडोबाचा किडा?

प्रश्न असा आहे: कीटकांच्या छायाचित्रांखाली मराठीत ओळी लिहायच्या आहेत. पुढचे दोन पाय छातीशी दुमडून बसलेल्या त्या किड्याला 'हिरवा नाकतोडा' म्हटलं तर चालेल का? नसेल चालत तर 'प्रार्थना कीटक' लिहायचं की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात तसं 'खंडोबाचा किडा'? शिवाय 'प्रेइंग मँटिस' या त्याच्या इंग्रजी नावातलं 'प्रेइंग' प्रार्थनेचं की भक्ष्य पकडण्याचं, अशीही शंका विचारली आहे.

'नाकतोडा' नको. बाकीचे दोन्ही शब्द चालतील, फक्त कुठला कुठे वापरायचा ते पाहावं लागेल.

बोलताना गवतातल्या कुठल्याही लांबट हिरव्या किड्याला आपण नाकतोडा म्हणून मोकळे होतो, त्यात काही बिघडत नाही. चित्राखालचं नाव मात्र ओळख पटवण्यासाठी असतं. नाकतोडे, टोळ आणि रातकिडे हे ऑर्थोप्टेरा गणातले (गण म्हणजे वर्गीकरणातला मोठा गट). मँटिसांचा गण वेगळा, मँटोडिया. त्यांचे सगळ्यांत जवळचे नातलग कोण, तर झुरळं आणि वाळवी! हे वाचून अनेकांचा विरस होतो, पण नातं पक्कं आहे आणि ते अंड्यांतही दिसतं. झुरळाची मादी अंडी एका कठीण कुपीत बंद करते. मँटिसची मादी पोटाच्या टोकातून फेस सोडत त्यात अंड्यांच्या रांगा मांडत जाते, आणि तो फेस सुकून टणक होतो. काडीला, भिंतीला किंवा दगडाला चिकटलेला तो तपकिरी, खरबरीत गोळा म्हणजे तिची अंडपेटी. जातीनुसार तिच्यात काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत अंडी असतात. नाकतोड्याची मादी बहुधा पोट जमिनीत खुपसून मातीत अंडी घालते.

चित्रावरून फरक ओळखायचा तर आधी मागचे पाय बघा. नाकतोड्याच्या मागच्या मांड्या जाडजूड असतात, कारण उडीची सगळी ताकद तिथे साठवलेली असते. मँटिसचे मागचे पाय बारीक, चालण्यापुरते. त्याची ताकद पुढच्या पायांत. दुसरी खूण मानेची. मँटिसचा छातीचा पहिला खंड लांब ताणलेला असतो आणि त्रिकोणी डोकं त्यावर मोकळं फिरतं. अंग जराही न हलवता तो आपल्याकडे वळून बघतो, आणि माणसांना त्याच्याविषयी जे गूढ वाटत आलं आहे त्याचं निम्मं कारण हेच असावं. भरीला त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आपण कुठेही गेलो तरी आपल्यावरच रोखलेला वाटतो. ती बाहुली नव्हे. कीटकाचा डोळा असंख्य बारीक नळ्यांचा मिळून बनलेला असतो; त्यातल्या ज्या नळ्या नेमक्या आपल्या दिशेला असतात त्या प्रकाश परत न पाठवता शोषून घेतात, म्हणून तिथे काळं दिसतं. आपण सरकलो की दुसऱ्या नळ्या समोर येतात आणि ठिपकाही सरकतो. तेव्हा 'रोखून पाहणारा' असं लिहायचा मोह झाला तर लिहा, पण 'बुबुळ' लिहू नका.

रंगावर विसंबू नये. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही सापडतात, म्हणून 'हिरवा' हे विशेषण ओळखीच्या कामाचं नाही.

चित्रात न दिसणारा एक फरक सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या खंडावर दोन्ही बाजूंना असतात. मँटिसला फार काळ बहिराच समजलं जायचं. १९८६ साली डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय या संशोधकांनी दाखवून दिलं की त्याला कान आहे, पण तोही एकच, छातीच्या खालच्या अंगाला, मागच्या पायांच्या मधोमध खाचेत. एकाच कानाने आवाजाची दिशा कळणं अवघड, पण त्याला दिशा कळायची गरजही नसते. हा कान वटवाघळांच्या श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, आवाजासाठी आहे. रात्री उडताना तो आवाज जवळ आला की मँटिस वळतो, किंवा गिरक्या घेत थेट खाली कोसळतो, आणि वटवाघूळ हुकतं. बऱ्याच जातींत आखूड पंखांच्या, न उडणाऱ्या माद्यांमध्ये हा कान जेमतेम उरलेला असतो.

आता 'प्रेइंग'. इंग्रजीत प्रार्थनेचा शब्द आणि भक्ष्याचा शब्द उच्चारात अगदी सारखे आहेत, आणि देवनागरीत लिहिले की उरलासुरला फरकही पुसला जातो. त्यामुळे शंका रास्त आहे. उत्तर प्रार्थनेचं. दुसरा अर्थ इंग्रजी भाषकांनीच केलेली कोटी आहे. कोटी चांगली आहे, पण नाव म्हणून ती चूक. सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली युरोपातल्या जातीला लॅटिनमध्ये 'रेलिगिओसा', म्हणजे धार्मिक, असं विशेषण दिलं. 'मँटिस' हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ भविष्य सांगणारा, द्रष्टा. तेव्हा 'प्रार्थना' हा शब्द मराठीने भलतीकडून ओढून आणलेला नाही.

तशी ही कल्पना एका लिनियसचीही नाही. जर्मनमध्ये त्याचं नाव 'गोटेसआनबेटरिन', देवाची आराधना करणारी, व्याकरणानेही स्त्रीलिंगीच. पोर्तुगीजमध्ये 'देवाची स्तुती कर' अशा अर्थाचं नाव आहे. रशियन 'बोगोमोल'मध्ये देव आणि प्रार्थना दोन्ही आले. डच आणि हंगेरियन भाषकांनी मात्र त्याला 'प्रार्थना करणारा टोळ' म्हटलं, म्हणजे तुमच्या 'हिरव्या नाकतोड्या'ची गफलत दोन भाषांच्या शब्दकोशांतही जाऊन बसली आहे. तुर्कीत तो 'प्रेषिताचा उंट' आणि अरबीत 'प्रेषिताचा घोडा'. आपला 'खंडोबाचा किडा' याच पंगतीत बसतो: किडा कोणातरी पूज्य व्यक्तीच्या मालकीचा करून टाकायचा. खंडोबाच कशासाठी, याला घोडा, तलवार, भंडारा असे धागे जोडून व्युत्पत्ती रचता येईल, पण रचलेल्या व्युत्पत्तीने मनाचं समाधान होतं, पुरावा मिळत नाही. जपानीत त्याला 'ओगामिमुशी', म्हणजे नमस्कार करणारा किडा, असं एक जुनं नाव आहे. पण तिथे रुळलेला शब्द 'कामाकिरी', आणि त्यात विळा आहे. देव सोडून हत्याराकडे बघणारं हे नाव मला सगळ्यांत डोळस वाटतं.

कारण ते जोडलेले हात दबा धरून असतात. पुढच्या पायाची मांडी आणि नडगी दोन्हींवर काट्यांच्या रांगा असतात आणि अडकित्ता मिटावा तशी नडगी मांडीवर मिटते. झेप साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात संपते. ही झडप म्हणजे एकदा कळ दाबली की ठरल्याप्रमाणेच घडणारी, असं पूर्वी समजत. २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं की समोरून जाणारं भक्ष्य संथ असेल तर मँटिस आपली झडपही संथ करतो, मध्ये क्षणभर थांबूनही घेतो. आणि भक्ष्य नेमकं किती लांब आहे हे त्याला दोन डोळ्यांनी मिळून कळतं, माणसाला कळतं तसं. कीटकांमध्ये ही क्षमता सिद्ध झालेला तो एकमेव प्राणी. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड, विवेक नित्यानंद आणि सहकाऱ्यांनी दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दिसावीत म्हणून मँटिसांना मधमाश्यांच्या मेणाने इवलेसे रंगीत चष्मे चिकटवले आणि पडद्यावर खोटं भक्ष्य दाखवलं. ते टप्प्यात 'आल्यासारखं' दिसताच मँटिसांनी हवेत पंजे मारले. पुढे २०१८ मध्ये याच गटाला आढळलं की त्यांची अंतर मोजण्याची रीत आपल्याहून वेगळी आहे. आपण दोन डोळ्यांतली स्थिर चित्रं ताडून बघतो, मँटिस मात्र जिथे हालचाल होते तेवढंच ताडतो. चित्राखाली 'ध्यानस्थ' लिहिणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

'प्रार्थनाकीटक' या शब्दाची खरी अडचण वेगळी आहे. हे एका जातीचं नाव नाही, जवळजवळ २,४०० ज्ञात जातींच्या अख्ख्या गणाचं आहे, आणि त्यांतल्या सगळ्या काही प्रार्थनेला बसत नाहीत. झाडाच्या सालीवर चपट्या होऊन राहणाऱ्या काही जाती दबा धरण्याऐवजी खोडावरून पळत जाऊन भक्ष्य गाठतात. निळसर-हिरव्या धातूसारखा चमकणारा मेटॅलिटिकस वंशातला मँटिस पाहताक्षणी झुरळच वाटतो, नातं उघडं पडावं तसा. आग्नेय आशियातला ऑर्किड मँटिस पांढरा-गुलाबी, पाय पाकळ्यांसारखे पसरट. तो फुलांत लपतो असं सरसकट लिहिलं जातं. प्रत्यक्ष प्रयोगांत दिसलं की हिरव्या पानांवर एकटा बसूनही तो परागण करणाऱ्या कीटकांना स्वतःकडे ओढून घेतो, आसपासच्या खऱ्या फुलांपेक्षाही जास्त. म्हणजे तो फुलामागे दडत नाही, स्वतःच फूल होऊन बसतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत गाँगिलस गाँगिलोडीस ही जात आहे. लांबलचक काडीसारखी मान, तिच्या टोकाला पसरट भाग, पायांना पानांसारखे पदर. वाळक्या काटक्यांत ती शोधून सापडत नाही. तिला इंग्रजीत व्हायोलिनवरून नाव पडलं आहे. आता 'व्हायोलिन प्रार्थनाकीटक' म्हणजे वाद्यवृंदासह आरतीच झाली. अशा जोडनावांत सरळ 'मँटिस' वापरावा: व्हायोलिन मँटिस, ऑर्किड मँटिस. गणाविषयी सर्वसाधारण लिहिताना 'प्रार्थनाकीटक', आणि गोष्टीत, ललित लेखनात, बोलण्यात 'खंडोबाचा किडा' खुशाल लिहावा. शास्त्रीय ओळीतही कंसात द्यावा, म्हणजे तो शब्द टिकेल.

आणखी दोन शब्दांबद्दल, न विचारता. एक म्हणजे 'कीटकभक्षी'. मँटिसचा बहुतेक आहार कीटकांचाच, तरी 'मांसाहारी' लिहिणं बरं. मोठ्या जाती सरडे, बेडूक आणि छोटे पक्षीही पकडतात. अमेरिकेत गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) धरल्याच्या अनेक नोंदी आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेली कर्नाटकातली नोंद तर वाचण्यासारखी आहे. हायरोड्युला वंशातला एक नर गच्चीवरच्या बागेतल्या छोट्या तळ्याशी पाच दिवस येत राहिला आणि पाण्यातल्या पानांवर बसून त्याने नऊ गप्पी मासे मारून खाल्ले.

दुसरा शब्दप्रयोग 'नराला खाणारी मादी'. जोडीचं चित्र आलं की ही ओळ ठरलेली. मादी नराला खाते हे खरं. डोकं गेल्यावरही नराचं मीलन चालू राहू शकतं हेही खरं, कारण त्या हालचालींची सूत्रं पोटातल्या चेतागुच्छांकडे, म्हणजे मज्जापेशींच्या गाठींकडे, असतात. पण हे दर वेळी घडत नाही, जातीजातींत प्रमाण वेगळं आहे, आणि भुकेली मादी नराला अधिक वेळा खाते. पुष्कळ नर जपून मागून येतात आणि काम झालं की निघून जातात. चित्रात खाणं दिसत नसेल तर ओळीतही नसावं.

लेखनाचं सांगायचं तर 'प्रार्थनाकीटक' हा समास आहे, म्हणून जोडून लिहावा. अनेकवचनात रूप बदलत नाही, एक प्रार्थनाकीटक तसे चार प्रार्थनाकीटक. विभक्तीत प्रार्थनाकीटकाला, प्रार्थनाकीटकांना. आणि इंग्रजी नावात 'मँटिस' दिसला म्हणून डोळे मिटून हा शब्द लावू नये. 'मँटिस श्रिंप' हा समुद्रातला कवचधारी प्राणी आहे, त्याचं खेकड्या-कोळंब्यांशी नातं आहे. 'मँटिसफ्लाय' पुढचे पाय हुबेहूब तसेच दुमडून बसते, पण ती जाळीदार पंखांच्या न्यूरोप्टेरा गणातली, आणि तिने ते पाय स्वतंत्रपणे कमावलेले आहेत.