बेळगाव ते सांबरा विमानतळ अशी चिगरीसारखी जलद बस होऊ शकेल का? त्यासाठी काय काय लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हुबळी-धारवाडला चिगरी ही खास लेनमधली जलद बस धावते, मग बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून सांबऱ्यापर्यंत तशीच स्वतंत्र मार्गिकेची बस का नको? आणि करायची तर रस्ता, गाड्या, थांबे यांचा हिशेब कसा बसेल?

होऊ शकते. पण ती फक्त विमानाच्या प्रवाशांसाठी आखली तर मार्गिका रिकामी दिसेल, आणि पूर्ण अकरा किलोमीटर मार्गिकाच हवी असा हट्ट धरला तर काम कागदावरच राहील.

आधी विमानतळ. एटीआर-७२ जातीच्या विमानात फार तर ७८ जागा असतात. विमान भरून आलं आणि चौथा हिस्सा लोकांनी बस धरली, तरी वीस माणसं होतात. त्यांना एक साधी गाडी पुरते, मार्गिका लागत नाही. आता मार्गिका केव्हा परवडते ते बघा. शहरातली एक लेन तासाला साधारण ८०० मोटारी नेते. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर १,२०० माणसं झाली. तेवढीच माणसं बसने न्यायची, तर गाडीमागे ५० प्रवासी धरून तासाला २४ गाड्या हव्यात, म्हणजे अडीच मिनिटाला एक. वीस मिनिटांना एक बस सोडून लेन अडवली तर शेजारी खोळंबलेला माणूस ती रिकामी लेन बघत उभा राहतो आणि चिडतो. दिल्लीचा आंबेडकरनगर-मूलचंद हा असाच बसमार्गिकेचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. त्यामागे हा राग हे एक मोठं कारण होतं.

सांबरा रस्त्याचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. हाच रस्ता पुढे बागलकोटला जातो. बसवन कुडची, निलजी, मुतगे, सांबरा, पंत बाळेकुंद्री, सुळेभावी इथून शाळा-कॉलेज, दवाखाना, बाजार आणि कामासाठी रोज माणसं बेळगावात येतात. शहर बस आणि अंकलगी, नेसरगी, यरगट्टीकडच्या लाल गाड्या या सगळ्यांना एकाच मार्गिकेत घेतलं, तरच २४ चा आकडा गाठायची आशा आहे. म्हणून मार्ग विमानतळावर संपवू नका, पंत बाळेकुंद्रीपर्यंत न्या. विमानतळ हा वाटेतला एक मोठा थांबा समजा.

या एका निर्णयावर गाडीची जात ठरते. चिगरीचे थांबे रस्त्याच्या मधोमध, उंच फलाटाचे आहेत. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे मधल्या फलाटासाठी गाडीला उजवीकडे दार लागतं. तसं दार लाल गाडीला नसतं. म्हणजे चिगरीची हुबेहूब नक्कल केली तर सांबरा रस्त्यावरच्या लाल गाड्या मार्गिकेबाहेर राहतील. दोन्ही बाजूंना दारं केली तर बसायच्या जागा जातात आणि गाडी महाग पडते. मला योग्य वाटतो तो मार्ग असा: मार्गिका मधोमधच ठेवायची, पण फलाट बसच्या डाव्या हाताला, बसलेन आणि मोटारींची लेन यांच्यामध्ये. जाणारा आणि येणारा फलाट समोरासमोर न ठेवता पुढेमागे सरकवायचा, म्हणजे एका जागी दोन्हींची रुंदी लागत नाही. साध्या डाव्या दाराची कुठलीही गाडी तिथे लागू शकते. कडेची मार्गिका सुचवणारे पुष्कळ भेटतील. पण कडेला रिक्षा, वडाप आणि भाजीची गाडी उभी राहणारच, आणि एक उभी राहिली की लेन बंद.

रुंदीचा हिशेब: दोन बसलेन ३.५ मीटरच्या, मिळून ७. दोन्ही बाजूंचे दुभाजक अर्धा-अर्धा मीटर, मिळून १. इतर वाहनांना प्रत्येक बाजूला दोन लेन, मिळून १४. पदपथ दोन-दोन मीटर, मिळून ४. झाले २६ मीटर. थांब्यापाशी फलाटाचे आणखी ३ ते ४ मीटर धरा. मागच्या गाडीला उभ्या गाडीच्या पुढे जाता यावं म्हणून जादा लेन हवी असेल तर ३.५ आणखी. गटार यात धरलेलं नाही, आणि बेळगावच्या पावसात ते विसरून चालत नाही. दुभाजक सलग ओतला तर बसलेनमध्ये पाणी तुंबतं, चार पावसात डांबर सुटतं. दर काही मीटरवर तळाशी भोक आणि रस्त्याला कडेकडे उतार हे नकाशातच दाखवलेलं असलं पाहिजे. मागाहून फोडलेली भोकं चुकीच्या ठिकाणी पडतात.

बसस्थानक, किल्ला तलाव, अशोक चौक, गांधीनगर आणि महामार्ग ओलांडेपर्यंतच्या पट्ट्यात ही रुंदी सलग मिळणार नाही. अडचण अशी की गाडी अडकते ती याच पट्ट्यात. पुढे रस्ता मोकळा होतो आणि तिथे मार्गिका बांधून फारसा वेळ वाचत नाही. जमीन मिळते म्हणून मोकळ्या भागात मार्गिका बांधायची आणि कोंडीत गाडी सोडून द्यायची, ही चूक अनेक शहरांनी केली आहे. त्यामुळे आधी एक काम करा. सध्याच्या गाड्यांवर जीपीएस लावून तीन आठवडे नोंद घ्या आणि ताशी १० किलोमीटरच्या खाली वेग जिथे जातो तेवढे तुकडे नकाशावर लाल करा. त्यातले दोन आठवडे उसाच्या हंगामातले हवेत. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की मुतग्यापर्यंत त्याच्याच चालीने जावं लागतं, आणि ते उन्हाळ्याच्या नोंदीत दिसत नाही. मार्गिका फक्त लाल तुकड्यांवर.

जिथे जागाच नाही तिथे सिग्नलचा उपाय आहे. चौकाच्या आधी ६० ते ८० मीटर फक्त बससाठी लेन ठेवायची, म्हणजे गाडी रांगेच्या तोंडाशी येते. बस शंभर-दीडशे मीटरवर आली की यंत्राने ओळखायचं आणि हिरवा दिवा आठ-दहा सेकंद लांबवायचा. याला एक अट आहे, थांबा सिग्नलच्या पलीकडे हवा. अलीकडे असला तर लांबवलेला हिरवा दिवा माणसं चढण्यात संपतो आणि दार लागेपर्यंत लाल पडतो.

विमानतळाच्या बसमध्ये हे किती महत्त्वाचं ते बोस्टनमध्ये दिसतं. तिथली सिल्व्हर लाइन नावाची बस साउथ स्टेशन या रेल्वे स्थानकाहून लोगन विमानतळाला जाते. शहरात तिच्यासाठी खास बोगदा आहे. पण बोगद्यातून वर आल्याआल्या डी स्ट्रीटचा सिग्नल लागतो, आणि बोगद्यात वाचवलेला वेळ तिथे लाल दिव्यासमोर उभं राहण्यात जातो. पुढचा समुद्राखालचा टेड विल्यम्स बोगदा इतर मोटारींबरोबरच पार करावा लागतो. त्यांची घेण्यासारखी गोष्टही आहे: २०१२ पासून विमानतळावर चढणाऱ्याला तिकीट नाही. बॅगा घेऊन दारात सुट्टे शोधणारा कोणी नसल्यामुळे गाडी लवकर हलते.

आता गाड्यांची संख्या. एका बाजूला ३५ मिनिटं आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांची विश्रांती धरली तर विमानतळाची एक फेरी ८० मिनिटांची. पंधरा मिनिटांना एक गाडी सोडायची तर ८० भागिले १५, म्हणजे पाचावर थोडं, म्हणून सहा गाड्या, शिवाय डेपोत एक राखीव. लाल तुकड्यांवर एका बाजूला आठ मिनिटं वाचली तर फेरी ६४ मिनिटांची होते आणि पाच गाड्यांत भागतं. एक गाडी आणि तिचे चालक-वाहक वाचतात, आणि हा खर्च दर महिन्याचा असतो. मार्गिकेची बाजू मांडताना हा हिशेब पुढे ठेवा.

विमानाच्या वेळा बदलत राहतात, म्हणून गाड्या विमानाला बांधू नका. ठरावीक अंतराने धावू द्या, उशिरा उतरलेल्यालाही पुढची मिळेल. उलट दिशेला मात्र प्रवाशाला सांगावं लागेल की चेक-इन सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, तेव्हा किमान दोन तास आधीची बस धरा. गाडीत पुढच्या दाराजवळची दोन बाकडी काढून बॅगांचा रॅक लावा, नाहीतर बॅगा वाटेत राहतात आणि मुतग्याला उतरणाऱ्याला दारापर्यंत पोचता येत नाही.

तिकिटाचं एक आपल्या भागापुरतं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे. ही गाडी वातानुकूलित केली तर ती सवलत जाईल आणि खेड्यांतून येणाऱ्या बायका मागच्या लाल गाडीची वाट बघतील. तेव्हा गाडी साधीच असावी. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणाऱ्या बाईला मात्र तिकीट काढावं लागेल, आणि ओळखपत्र बघण्याचं हे काम दारात झालं तर प्रत्येक थांब्यावर वेळ जाईल. गर्दीच्या तीन-चार फलाटांवर वाहक खाली उभा ठेवून गाडी येण्याआधीच तिकिटं द्यावीत.

राहिला विमानतळाचा थांबा. टर्मिनल मुख्य रस्त्यापासून आत आहे. प्रत्येक गाडी आत वळवली तर बाळेकुंद्रीला जाणाऱ्यांची चार-पाच मिनिटं फुकट जातात, आणि एकही नाही वळवली तर बॅगा ओढत चालावं लागतं. एक सोडून एक गाडी करा: एक टर्मिनलच्या दारात जाऊन परत फिरेल, दुसरी सरळ बाळेकुंद्रीला जाईल, आणि पाटी दोघींची वेगळ्या रंगाची, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत.