वाचक विचारतात: बरणीतले अँकोव्ही वापरायचे कसे?

प्रश्न: मुलीने इटलीहून तेलातल्या अँकोव्ही माशांची छोटी बरणी आणलीय. उघडून एक तुकडा चाखला तर इतका खारट आणि उग्र की तोंड वाकडं झालं. हे लोक खातात कसं? आणि आपली मांदेली म्हणजे हेच का? सुकी मांदेली वापरली तर चालेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नुसता चाखलात तर पहिल्यांदा बहुतेकांचं असंच होतं, पण प्लीज बरणी टाकू नका, फार गुणाची वस्तू आहे ती. मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली, म्हणजे नातं आहे, पण हा मासा वेगळा आणि त्याच्यावर झालेले संस्कार तर फारच वेगळे. ताजा अँकोव्ही पांढऱ्या मांसाचा, चवीला सौम्य असतो, स्पेनमध्ये तो व्हिनेगरमध्ये मुरवून असाच खातात. बरणीतला मात्र डोकं आणि आतडी काढून, मीठ-मासे-मीठ असे थर लावून, वर वजन ठेवून कित्येक महिने मुरवलेला असतो आणि तेवढ्या काळात माशातलेच एन्झाइम त्याच्यातली प्रोटीन्स तोडतात, ग्लुटामेट (चव खुलवणारा घटक) मोकळं होतं, मांस तांबूस-तपकिरी होतं आणि ती खोल चव येते. म्हणून सुकी मांदेली इथे चालणार नाही, ती नुसती वाळवलेली असते, तेलात विरघळत नाही, काटे तसेच राहतात. तिचं आपलं कांदा-कोकम घालून सुकंच करा, उत्तम लागतं. बदली काही हवंच असेल तर थाई किंवा व्हिएतनामी फिश सॉस घ्या, तोही बहुतेक अँकोव्ही आणि मिठापासूनच बनतो.

वापरायचं कसं, तर हिंगासारखं. कच्चा वास नकोसा, पण तेलात गेला की सगळ्या पदार्थाला उचलून धरतो. पॅनमध्ये ऑलिव्ह ऑइल, गॅस एकदम मंद, ठेचलेला लसूण आणि दोघांच्या पास्त्याला तीन-चार तुकडे, चमच्याने दाबत रहा, मिनिटभरात विरघळून तेल गढूळ दिसायला लागेल. आच मोठी ठेवलीत तर लसूण करपेल आणि मासाही कडवट होईल. मग टोमॅटो, ऑलिव्ह, केपर्स (मुरवलेल्या आंबट-खारट कळ्या), लाल मिरची, झाला इटालियन पुत्तानेस्का सॉस! मीठ अगदी शेवटी, चाखूनच घाला, बऱ्याचदा लागतच नाही (घरात कुणाला बीपी असेल तर अजूनच जपून). मला स्वतःला इटलीतल्या पिएमाँत भागातला बान्या काउदा जास्त आवडतो, भरपूर लसूण आणि अँकोव्ही तेलात मंद शिजवून, गरम गरम, त्यात भाज्या बुडवून खायच्या.

आणि हो, बरणी फ्रिजमध्येच ठेवा. ट्यूना-सार्डिनचे डबे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असतात, हे नसतात, मिठावर टिकतात. तुकडे तेलात बुडालेले हवेत, कमी पडलं तर वरून ओता. फ्रिजमध्ये ऑलिव्ह ऑइल थिजून पांढरं दिसेल, घाबरू नका, बाहेर काढलं की पूर्ववत.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. सिझलरवाल्या वूस्टरशायर सॉसमध्ये मासे असतात असं ऐकलं, खरं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: खरं आहे. इंग्लंडमध्ये 1837 पासून विकल्या जाणाऱ्या मूळ सॉसमध्ये व्हिनेगर, चिंच आणि चक्क अँकोव्ही असतात. भारतात अँकोव्ही न घालता केलेलेही मिळतात, त्यामुळे बाटलीवरची हिरवी खूण आणि मागची घटकांची यादी दोन्ही बघून घ्या. हॉटेलात मात्र विचारल्याशिवाय कळत नाही, संकोच न करता विचारा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही सर्रास असतात. हल्ली कोरियन खाण्याचं फॅड आहे म्हणून मुद्दाम सांगते, किमचीत (आंबवलेल्या तिखट कोबीत) बऱ्याचदा अँकोव्हीचा सॉस असतो आणि त्तोकबोक्कीचं (तिखट सॉसमधल्या तांदळाच्या केकचं) पाणीसुद्धा पारंपरिक पद्धतीत सुक्या अँकोव्ही उकळून केलेलं असतं, वरून मासा कुठेच दिसत नाही. घरी करताना त्या पाण्यासाठी सुके शिताके मशरूम भिजवून उकळा, चव छान भरते.