शांत झालो आहे की नुसता दूर गेलो आहे?

पुण्याहून एका वाचकांनी लिहिले आहे : "माझे वय 41. आईवडील साताऱ्याला असतात. दोन वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आई त्यांचे सगळे करते. वडील पहिल्यापासून तापट. आता तर ताट भिरकावतात, मला पाहिले की जुने हिशेब काढतात. वर्षभरापूर्वी प्राचीन ग्रीस-रोममधले स्टोइक तत्त्वज्ञान वाचायला लागलो. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घ्यायचा नाही, हे एपिक्टेटसचे म्हणणे मनापासून पटले. आता दरमहा पैसे पाठवतो, पण साताऱ्याला दोन-तीन महिन्यांतून एकदाच जातो. मन स्वस्थ असते. बायको मात्र म्हणते, तुमचे काळीज दगडाचे झाले आहे. मी शांत झालो आहे की नुसता दूर गेलो आहे?"

हा प्रश्न तुम्हाला पडला, यावरूनच काळीज दगडाचे झालेले नाही हे कळते. पण तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. माझ्या मते तुम्ही दूर गेला आहात आणि त्या दुराव्याला शांती समजत आहात. ज्या शिकवणीचा आधार तुम्ही घेतला आहे, तिचा अर्धाच भाग तुमच्या हाती लागला आहे.

एपिक्टेटस इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा, रोममध्ये गुलाम म्हणून राबलेला, पायाने अधू. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकलून दिले तेव्हा तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिसला जाऊन शिकवू लागला. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि पद आपल्या हातात नाहीत, तर आपले मत, आपली इच्छा आणि काय करायचे, काय टाळायचे याचा निर्णय आपल्या हातात आहे, या विभागणीपासूनच त्याची हस्तपुस्तिका सुरू होते. वडिलांचा आजार, त्यांचा स्वभाव आणि त्यांची जीभ तुमच्या हातात नाही, हे खरेच. पण शनिवारी सकाळी साताऱ्याच्या एसटीत बसण्यासाठी घरातून निघायचे की नाही, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि नेमके तेच तुम्ही हातात नसलेल्या गोष्टींच्या यादीत टाकून दिले आहे.

त्याचा शिष्य अरियन याने जी प्रवचने टिपून ठेवली, त्यांतल्या पहिल्या भागात एक प्रसंग आहे. तो वाचताना तुम्हाला तुमचेच पत्र आठवेल. एक सरकारी अधिकारी एपिक्टेटसकडे येतो आणि सांगतो की माझी लहान मुलगी आजारी पडली, तिच्या जिवाला धोका आहे असे वाटले, आणि मला ते पाहवेना म्हणून मी घरातून निघून गेलो. ती बरी झाल्याचे कळल्यावरच परतलो. तुझे वागणे योग्य होते का, असे एपिक्टेटस विचारतो. ते स्वाभाविक होते, कोणताही बाप असेच करील, असे अधिकारी म्हणतो. मग प्रश्न येतात. मुलीच्या आईचे तिच्यावर प्रेम नाही का? दाईचे? मग त्यांनीही तिला टाकून जायला हवे होते का? तू आजारी पडलास, तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर इतके प्रेम करावे का, की तुला एकट्यालाच सोडून त्यांनी पळून जावे? अधिकाऱ्याकडे उत्तर नव्हते. तो दुःख सोसवेना म्हणून गेला आणि तुम्ही मनाची स्वस्थता बिघडू नये म्हणून जात नाही; पण दोघांच्याही घरी खाटेशेजारी बाईच बसलेली आहे, आणि तुमच्या घरी ती बाई तुमची म्हातारी आई आहे.

नात्यांविषयी तर एपिक्टेटस फार स्पष्ट बोलतो. बाप वाईट आहे, अशी तक्रार केली तर तो विचारतो, निसर्गाने तुझे नाते चांगल्या बापाशी जोडले होते का? नाही, बापाशी जोडले होते. याचा अर्थ वडिलांचे प्रत्येक बोलणे खरे मानावे असा मुळीच नाही. त्यांनी कसे वागावे हा त्यांचा प्रश्न आणि मुलगा म्हणून आपण कसे वागावे हा आपला, इतकेच त्याचे सांगणे आहे. याच एपिक्टेटसने उतारवयात एका मित्राचे मूल, जे एरवी टाकून दिले गेले असते, स्वतःकडे वाढवायला घेतले, असे त्याच्या हस्तपुस्तिकेचा भाष्यकार सिंप्लिकियस याने नोंदवले आहे. मायेपासून पळणारा माणूस तान्हे मूल घरी आणत नाही.

आता त्या ताटाकडे येतो. माणसांना घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्यांची मते अस्वस्थ करतात, हे एपिक्टेटसचे वाक्य तुम्ही वाचलेच असेल, पण ते या ताटाला लावून पाहिलेले दिसत नाही. ताट भिरकावले गेले, एवढीच घटना आहे. "माझा पाणउतारा करण्यासाठी भिरकावले" हे तुमचे मत आहे. पक्षाघातानंतर मेंदूला झालेल्या इजेमुळे रागावरचा ताबा सुटणे, रडू आवरेनासे होणे, खोल नैराश्य येणे हे पुष्कळ रुग्णांत घडते. जो माणूस आयुष्यभर आवाज चढवून घर चालवत आला, त्याला आज घास दुसऱ्याच्या हाताने घ्यावा लागतो. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टशी याविषयी बोला, कारण यातल्या काही गोष्टींवर औषध आणि उपचार आहेत. जुन्या जखमांचे ओझे एकट्याने पेलत नसेल तर समुपदेशकाकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही; एपिक्टेटसचा हाच विचार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात अमेरिकेत मानसोपचारात आणला आणि कि. मो. फडके यांनी ती पद्धत महाराष्ट्रात रुजवली.

वडिलांसमोर उभे राहिल्यावर छाती धडधडली, डोळे भरून आले, तर साधना फसली असे समजू नका. ग्रीसहून इटलीला निघालेल्या एका जहाजावरची हकीकत रोमन लेखक औलस गेलियसने लिहून ठेवली आहे. वादळात सगळ्यांबरोबर एक स्टोइक तत्त्वज्ञही पांढराफटक पडला. पुढे विचारल्यावर त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. अचानक भीती आली की शहाण्याचाही चेहरा उतरतो, फक्त त्या भीतीला तो संमती देत नाही, असे त्यात म्हटले होते.

जाण्यापूर्वी काय करावे, हेही हस्तपुस्तिकेत आहे. सार्वजनिक स्नानगृहात जाताना तिथे काय काय होते ते आधी आठव, असे एपिक्टेटस सांगतो : लोक पाणी उडवतात, धक्के देतात, शिव्या देतात, चोऱ्या करतात. तुम्ही जिना चढण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि मनाशी म्हणा की आज ताट पडेल, जुना हिशेब निघेल, आणि तरीही मी त्यांना जेवू घालून येईन. रात्री दिवा मालवल्यावर रोमन स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका दिवसभराच्या वागण्याची उजळणी करत असे; तसे परतीच्या वाटेवर करा, पण त्या उजळणीत वडिलांचे नव्हे, आपले वागणे तपासा.

सुरुवात पंधरवड्यातून एका फेरीने करा. त्या दिवशी आईला स्वयंपाकातून आणि सेवेतून पूर्ण मोकळी करा, तिला देवळात किंवा बहिणीकडे जाऊन येऊ द्या. पाठवता त्या पैशांतून दिवसा येणारी एखादी मावशी आणि फिजिओथेरपिस्ट यांची सोय होते का ते पाहा. वडील मर्यादेबाहेर बोलू लागले तर अर्धा तास बाहेर जाऊन या, पण परत या. पत्नी जे बोलली तो टोमणा म्हणून मनात ठेवू नका. तिने तुम्हाला रोज जवळून पाहिले आहे. फेऱ्या कोणत्या वारी करायच्या ते तिच्याशी बोलूनच ठरवा, कारण तुम्ही साताऱ्याला असाल तेव्हा पुण्याचे घर तीच सांभाळणार आहे.